हलणारे हात

भौतिकशास्त्रात मला सगळ्यात आवडायची ती काच. ती हलत नाही. जड टेबलावर लेझर बसवायचा, दार लोटायचं, आकडे घ्यायचे. मग आमचे सर निवृत्त झाले, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, आणि लेझर हाताळता येतो एवढ्या भांडवलावर मी रक्तप्रवाहावर संशोधन करणाऱ्या बाईंकडे पीएचडीला आले.

"डायलिसिस चालू असताना रक्तदाब एकदम उतरतो. चक्कर यायच्या आधी कळलं पाहिजे. त्वचेवर प्रकाश टाकायचा, परत येईल तो मोजायचा. तुला काय अवघड?" बाई म्हणाल्या.

काय अवघड! आठ महिने मी प्रकाशाचा सेन्सर तपासायला जिलेटिनचे खोटे हात बनवले. निम्म्यांना बुरशी लागली. घरी आई विचारायची, "झालीस का डॉक्टर?"

"तसली डॉक्टर नाही गं."

"मग दवाखान्यात काय करतेस?"

कपाळ माझं.

शेवटी खरा माणूस मिळाला. एक निवृत्त शिंपी. त्यांच्या एका हातात डायलिसिसच्या सुया, दुसरा मोकळा. मोकळं मनगट मी स्टँडवरच्या सेन्सरखाली ठेवलं.

"आजोबा, हात हलवू नका हं."

"नाही हलवत," म्हणत त्यांनी हात हलवला. पडद्यावर नुसता गोंधळ. मग नाक खाजवलं. मग शेजारच्या खाटेवरच्या आजींना जावयाची गोष्ट सांगितली, तीही हातवारे करून. पाचव्यांदा मी ओरडलेच, "अहो, दोन मिनिटं तरी!"

"चार तास बसायचं असतं इथे, पोरी. तू बसून दाखव."

मी इरेला पेटून माझंच मनगट सेन्सरखाली धरलं. मिनिटभरात मानेला खाज सुटली. आजी खुदकन हसल्या.

शिंपीबुवा मात्र स्टँडकडे बघत होते. "हे टेबलाला कशाला बांधलंस? गिऱ्हाईक काय पुतळ्यासारखं उभं राहतं? टेप अंगाबरोबर फिरवावी लागते."

दोन पदव्या घेऊन हे मला सुचलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी सेन्सर स्टँडवरून काढून इलॅस्टिकच्या पट्ट्यात शिवला. पुढच्या खेपेला आजोबांनी जावयाची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि पडद्यावर, खडबडीत का होईना, नाडी दिसत राहिली. मी धावत बाईंकडे गेले.

"छान," त्या म्हणाल्या. "पण पट्टा शीर दाबतोय, त्यामुळे आकडे चुकतायत. ती चूक दुरुस्त कर आता."

चरफडत परत आले, तर आजोबा सिस्टरकडून सोडवून घेतलेला पट्टा मोकळ्या हाताने उलटापालटा करून बघत होते.

"कुणी शिवलंय हे? घरी नेतो. असलं काम माझ्याच्याने बघवत नाही."