टेबलावरच्या बाईला विचारा

मी एक जुना स्पीकर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माणसांशी माझं फारसं पटत नाही.

उमेदीची वर्षं डोंबिवलीच्या एका मंगल कार्यालयात गेली. तिथे कौतुक भरपूर झालं. मग मोठे स्पीकर आले, मी अडगळ झालो, आणि मालकाच्या मुलीनं, डॉक्टर क्षिप्रानं, मला माजिवड्याच्या आपल्या दवाखान्यात नेलं. मूल व्हावं म्हणून तिथे बायका उपचाराला येतात. टेबलावर पडल्या की भीतीनं अंग आखडतं. संगीतानं ते सैल पडावं, एवढंच माझं काम.

पण फॉर्मनं घात केला. त्यात 'आवडीचं संगीत' अशी एक ओळ आहे. पेशंट आत कपडे बदलते आणि बाहेर फॉर्म भरते तिची सासू. काय लिहिते? पाळणा! कपाळ माझं! जिला मूल होत नाही, तिलाच पाळणा ऐकवायचा. पाच वर्षं मी हा छळ केला.

ठाकुर्लीची समीक्षा आली तेव्हा तिचे दोन प्रयत्न फसले होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्यांपैकी शेवटचा एकच गर्भ उरला होता, तो नळीनं गर्भाशयात सोडायचा होता. सासूबाईंनी, मालनबाईंनी, पाळणा लिहिला. मी सुरू झालो आणि समीक्षाचं अंग लाकूड झालं. डॉक्टरची नळी दोनदा अडली.

"बंद करा ते," समीक्षा म्हणाली. "घरी पण दिवसभर हेच लावतात."

"अगं, तुझ्या सासूबाईंनीच लिहिलंय," सिस्टर योगिनी म्हणाली.

"मग त्यांनाच झोपवा ना इथे."

मला ती तिथेच आवडली. डॉक्टरनं मला बंद करून विचारलं, "तुला काय हवंय?" हा प्रश्न त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकला. समीक्षाच्या मोबाईलमध्ये वडिलांच्या कोकणातल्या गावच्या जाखडी नाचाचं रेकॉर्डिंग होतं. ढोलकी, घुंगरं, वडिलांचं गाणं, मध्येच त्यांचा खोकला. योगिनीनं नाक मुरडलं, पण ते माझ्यावर लावलं. समीक्षाच्या पायाची बोटं तालावर हलू लागली. नळी आत गेली.

बाहेर मालनबाईंनी विचारलं, "पाळणा लावलात ना?"

"नाही," समीक्षा म्हणाली. "माझे बाबा गात होते."

पुढे तिचं काय झालं, मला कोण सांगणार? फॉर्म मात्र अजून तोच आहे. आज सकाळीही एक सासू पेन मागत होती. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण टेबलावरच्या बाईला आधी विचारा. जमत नसेल, तर माझी वायर उपटून टाका.