कप टेबलावर, मग किल्ली

मित्रांनो, मी रोसारियो शहरातल्या एका कॅफेच्या संडासाची जुनी पितळी किल्ली आहे. कुणी मला चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून मालक रामिरोने दूध आटवायची हातभर लांब पळी माझ्या गळ्यात बांधली आहे. दिसायला मी वेडीबागडी असेन, पण कामात मी कधी कुचराई केली नाही.

सुरुवातीला मला कुणीही उचलून न्यायचे. बसचालक, गरोदर बाया, बाजारातून परतणाऱ्या आज्या. मला परत ठेवताना लोक हुश्श करून हसत आणि मला धन्य वाटे. मग रामिरोने नियम काढला: आधी कप टेबलावर, मग किल्ली. फुकटे घुसतात म्हणे! तेव्हापासून मी गल्ल्यामागच्या खिळ्याला लटकले.

गेल्या मंगळवारी सकाळी नोएमी आली. ती दोन गल्ल्या सोडून एका दुकानात कपडे शिवते. तिला आतड्यांचा जुना आजार आहे. वेळ आली की तिला पाच मिनिटेही थांबता येत नाही. तिने दारातूनच कॉफी सांगितली आणि हात पुढे केला.

"मालक, आधी किल्ली द्या. कॉफी मागून पिते."

"नियम सगळ्यांना सारखा, पोरी. यंत्र तापतंय, जरा दम धर."

तिने दवाखान्याचे कार्ड दाखवले. रामिरोने चष्मा शोधला, पुसला, आणि ते कार्ड अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असे वाचले. मोठ्या आतड्याचा दाह. रुग्णाला तातडीने संडास वापरू द्यावा.

"दिसतेस तर चांगली धडधाकट," तो म्हणाला. "घरूनच आटपून निघावं माणसानं."

कुणीतरी खुसखुसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली, मित्रांनो. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

"रामिरो, दे तिला," कॉफी वाढणारी देलिया म्हणाली. "तिचं तोंड तरी बघ."

"झालीच बघ कॉफी."

कप टेबलावर आला. मग रामिरोने मला खिळ्यावरून काढून नोएमीपुढे धरले. तिने मला घेतले नाही. अंगातला कोट काढून तिने कमरेला गुंडाळला आणि कुणाकडेही न बघता ती बाहेर पडली.

"आता काय झालं? घे ना किल्ली!" रामिरो मागून म्हणाला.

"काय झालं ते तुला कळलंय," देलिया म्हणाली. "फडकं तूच आण. मी पुसणार नाही."

त्याने पुसले. त्याच दुपारी देलियाने मला नेऊन संडासाच्या कुलपात लावले.

"आता कुणीही येईल," रामिरो कुरकुरला.

"यावंच."

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा, असे माझे मागणे नाही. मला अडकवून ठेवू नका, एवढेच. घाईत आलेल्या माणसाचा आजार चारचौघांत वाचायचा नसतो, त्याला दार उघडून द्यायचे असते. हे एका किल्लीने सांगावे लागते, याची मला चीड येते.

आता मी दिवसभर दारालाच असते. नोएमी कामावर निघाली की देलिया तिला रोज हाक मारते. नोएमी समोरच्या फुटपाथवरून जाते आणि मान वर करत नाही.