दुपारी एक वाजून सात मिनिटं

मी बाद ठरवलेला एक संगणक बोलतोय. बाद कुणी ठरवलं? पुण्यात बसलेल्या एका माणसाने, ज्याने मला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. कशावरून ठरवलं? अंदाजावरून. चोरालासुद्धा आपली बाजू मांडायला तारीख मिळते. मला मिळाली नाही, म्हणून आज तुमच्यासमोर बोलतोय.

माझा जन्म कुठला हे नीट सांगता येत नाही. आम्हा संगणकांचे अवयव पाच देशांत घडतात आणि जोडणारा सहावाच असतो. पण मला शहाणपण आलं ते रत्नागिरीत, एसटी स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत. प्लायवूडच्या नऊ खणांत आम्ही नऊ जण. दहावीचा निकाल बघायला आलेला माणूस पडद्याकडे बघण्याआधी आपल्याकडे कोण बघतंय ते बघतो, हे मी तिथे शिकलो. आखातात गेलेल्या नवऱ्यांशी बोलायला बायका यायच्या. पडद्यावरचा चेहरा मध्येच अडकला की ओढणीने माझी काच पुसायच्या. त्यांतली एक झुबेदा होती. नवं लग्न, हातावर मेंदी. तिला मी आठवत नाही. मला ती आठवते.

कॅफेचा मालक मुलखाचा आळशी. वीज गेली आणि आली की नऊ बटणं दाबत फिरायचा त्याला कंटाळा. त्याने आमच्यात अशी सोय करून ठेवली की वीज आली की आम्ही आपले आपण जागे व्हायचं. बटण दाबायला नको. ही सोय पुढे माझ्या मुळावर आली.

मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. कॅफे बंद पडला. बाकीचे आठ जण भंगारात गेले आणि मी एका माळ्यावर, फुटक्या टेबलफॅनच्या शेजारी चार वर्षं पडून राहिलो. तिथून मला नासिर मुकादमने उचललं.

नासिर अकरा वर्षं दोह्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होता. परत आला तो कायमचा, असं बायकोला, त्याच झुबेदाला सांगून. गावाबाहेर कुवारबावच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याची शेड घातली, गॅरेज काढलं. शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन, तिच्यात पांढरी फरशी, टेबल, आणि टेबलावर मी. त्याची मुलगी नबीला नऊ वर्षांची. बाप म्हणजे फोनमधला माणूस, एवढीच तिची समजूत. "बापाशी बोलायचं म्हणून पहिला महिनाभर फोन घेऊन यायची नि समोर धरायची," हे नासिरने आपल्या मिस्त्रीला हसत सांगितलं होतं. ते हसणं मी ऐकलं आहे. ते काही हसणं नव्हतं.

मिस्त्री म्हणजे आत्मारामकाका. वय बासष्ट, राहायला जवळच. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. केबिनमध्ये मात्र त्याने कधी पाऊल टाकलं नाही. "माजे पाय बगा नि तुमची फरशी बगा," म्हणायचा.

मे महिन्यात मृणाली मॅडम आल्या. एका शिक्षण संस्थेच्या सात बसगाड्यांची जबाबदारी त्यांच्याकडे.

"नासिरभाई, काम तुमचं चांगलं आहे, मी चौकशी केली आहे. पण प्रत्येक कामाची नोंद संगणकावरची हवी. मागच्या गॅरेजने ब्रेक केल्याची तारीख वहीत मागाहून लिहिली. बस उतारावर थांबेना, शेवटी भातखाचरात गेली. पोरांना लागलं नाही हे नशीब. पण नशिबावर मी दुसरं वर्ष काढणार नाही."

"किती दिवस आहेत, मॅडम?"

"दहा जून. पंधराला शाळा सुरू."

त्या गेल्यावर नासिर केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "काका, या सात बस मिळाल्या तर मी राहिलो. नाही मिळाल्या तर दोहा. तिथला मालक बारा तारखेपर्यंत थांबतो म्हणालाय."

"मिळतील रे. कागद छापायचा डबा आणलाच हायस," आत्माराम म्हणाला.

डबा म्हणजे मी. एका माणसाचं घरी राहणं माझ्यावर आलं होतं. खरं सांगतो, इतकी मोठी गोष्ट माझ्याकडे पूर्वी कुणी मागितली नव्हती.

नासिरने पुण्याच्या एका कंपनीचं गॅरेज चालवायचं सॉफ्टवेअर घेतलं. गाडी आली की जॉब कार्ड, काय बदललं, कुणी बदललं, कधी बदललं, सगळं त्यात. ते माझ्यात घालायला सहा तास लागायचे, कारण हजारो सुट्या भागांची यादी इंटरनेटवरून उतरायची आणि आमच्याकडचं इंटरनेट बैलगाडीने येतं. परवान्याचा आकडा सकाळी दहालाच फोनवर मिळायचा, तोही त्या दिवसापुरता. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी दहाला सुरुवात झाली. एक वाजता मी पंचेचाळीस टक्क्यांवर होतो. नासिर पावणेएकलाच नमाजला आणि तिथून जेवायला घरी गेला होता. तीनला येऊन बघतो तो मी चालू, आणि पडद्यावर लाल चौकटीत, इन्स्टॉलेशन अपूर्ण.

काय झालं होतं ते ऐका. आत्माराम वीस वर्षांपूर्वी लांज्याच्या एका गॅरेजात होता. दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तिथे एका जीपने पेट घेतला आणि शेड खाक झाली. तेव्हापासून त्याचा नेम, शेडमधून शेवटचा माणूस बाहेर पडताना दाराजवळचा विजेचा मोठा खटका खाली ओढायचा. हे तो कुणाला सांगत नसे. बाहेरून आल्यावर पाय धुतले हे कोण सांगत बसतं? त्याला वाटायचं, आपण फक्त शेडची वीज बंद करतोय. नासिरलाही वाटत होतं की केबिनची तार वेगळी आहे, कारण त्याने तसं वायरमन लवूला बजावून सांगितलं होतं. पण वेगळी तार आणायची तर जांभ्याच्या भिंतीला भोक पाडायला हवं. लवूने ते टाळलं आणि केबिनची तार शेडच्या खटक्याला जोडून तो मोकळा झाला.

एक वाजून सात मिनिटांनी माझा श्वास तुटला. अडीचला आत्माराम परत आला, खटका वर केला, आणि कॅफेवाल्याच्या कृपेने मी आपला आपण जागा झालो. तीनला आलेल्या नासिरला कळणार कसं? संगणक तर चालू आहे, पंखा फिरतोय.

त्याने पुण्याला फोन लावला. पलीकडे ऋत्विक नावाचा माणूस.

"सर, रिस्टार्ट केलंत?"

"केलं."

"मग तुमच्या साइडने इश्यू आहे. अँटिव्हायरस काढा, उद्या परत करू."

दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरस काढला. एक वाजून पाच मिनिटांनी अंधार. तिसऱ्या खेपेला तारीख लिहायची पद्धत बदलायला लावली. एक वाजून नऊ. मग ऋत्विक म्हणाला, रॅम बदला. नासिर मारुती मंदिरच्या बाजारात जाऊन नवी घेऊन आला. एक वाजून सात. संध्याकाळी कंपनीकडून संदेश यायचा, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, आमच्या सेवेला पाच तारे द्या.

निवारण! माझ्या पोटात एक नोंदवही असते. तिच्यात मी प्रत्येक वेळी लिहून ठेवलं होतं, वीज अचानक बंद, वेळ अमुक, तारीख तमुक. चार दिवस, चार नोंदी, वेळ जवळपास एकच. ऋत्विक लांबून माझ्यात शिरायचा, माझ्या खोल्याखोल्यांतून फिरायचा, आणि त्या वहीच्या दोन बोटं अलीकडून परत जायचा. पुरावा टेबलावर असताना निकाल लावून मोकळे होणारे लोक मी त्याआधी ऐकले होते, आता भोगत होतो.

आत्माराम दारात बिडी ओढत म्हणायचा, "गिऱ्हाईक आला, गाडीत आवाज येतो म्हनाला, तर आपन काय करतो? आधी शेजारी बसतो नि एक फेरी मारतो. हा तुमचा पुन्यावाला बॉनेट न उगडता इंजिन बदला सांगतो."

बरोबर बोलत होता म्हातारा. शब्दन् शब्द बरोबर. फक्त एक दुपार कुणीतरी माझ्याशेजारी बसून फेरी मारायला हवी होती. पण एक ते अडीच शेडमध्ये माणूस नसायचा. माझ्या बाजूने साक्ष द्यायला एक पाल होती.

नऊ जूनला सहावी खेप फसली. ऋत्विकने सरळ सांगितलं, "सर, मशीन जुनं आहे. मदरबोर्ड गेला असणार. हे बादच समजा."

नासिरने फोन ठेवला. माझ्यावर हात आपटला नाही, शिवी दिली नाही. आत्मारामला म्हणाला, "दोह्यात दीडशे गाड्यांचं वर्कशॉप संगणकावर चालवलं मी. इथे एक डबा चालवता येत नाही. माझ्या हाताला आपल्या मातीत यशच नाही, काका."

"असा बोलू नको रे," आत्माराम म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

दहा तारीख गेली. अकराला सकाळी बॅगा केबिनबाहेर ठेवून नासिर चाव्या द्यायला आला, तोच ऋत्विकचा फोन.

"सर, तुमची तक्रार अजून उघडी दिसतेय. बंद करायच्या आधी नियमाप्रमाणे एकदा शेवटचं चालवून बघावं लागतं."

"चालव बाबा," नासिर म्हणाला. "तुझा नियम मोडायला नको."

दहाला माझ्यात काम सुरू झालं. साडेबाराला सगळे स्टेशनवर निघाले. झुबेदा, नबीला, नासिर. आत्मारामने दोन्ही बॅगा उचलल्या. नबीलाला रडू आवरेना, रिक्षावाला घाई करत होता, गाडीची वेळ होत होती. वीस वर्षांत पहिल्यांदा आत्माराम खटका न ओढता शेडबाहेर पडला.

एक वाजला. एक वाजून सात झाले. मी चालूच होतो. पन्नास टक्के, साठ, ऐंशी. रिकाम्या शेडमध्ये, ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो गाडीत बसलेला असताना, मी पूर्ण होत होतो. माळ्यावरची चार वर्षं मला एकटेपण वाटली होती. ते एकटेपण नव्हतं, ती नुसती अडगळ होती. एकटेपण हे.

गाडी उशिराने, तीनच्या पुढे सुटली, म्हणून आत्माराम आणि झुबेदा परत आले ते पाचच्या सुमाराला. नबीलाला आजीकडे सोडलं होतं. केबिनमध्ये पंखा फिरत होता आणि पडद्यावर हिरवी खूण होती. आत्मारामने काचेतून बघून झुबेदाला हाक मारली, "हा काय लिवलाय बगा जरा."

तिने वाचलं. "झालं म्हणतोय, काका. सगळं झालं म्हणतोय."

आत्माराम दाराशी गेला. खटका खाली ओढला. केबिन काळोखी झाली. वर केला. मी जागा झालो. पुन्हा खाली. पुन्हा वर. गाडीतला दोष सापडल्यावर मिस्त्री खात्री करून घेतो तसं. मग तेलकट पायांनी तो केबिनमध्ये आला आणि त्या पांढऱ्या फरशीवर बसला.

"माज्यामुलं झाला ह्या," म्हणाला. "रोज जेवायला जाताना मीच मारत व्हतो त्याला."

झुबेदाने आधी मृणाली मॅडमना फोन लावला. "मॅडम, संगणक सुरू झाला. उद्या येऊन बघा."

 "झुबेदाताई, काल संध्याकाळी दुसऱ्या गॅरेजशी सही झाली हो. वर्षाचा करार आहे. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"नासिरला लावा," आत्माराम म्हणाला. "मी सांगतो. माजी चूक, माज्या तोंडानं सांगतो. जोडे मारू दे मना."

तिने फोन लावला. मला नासिरचा आवाज ऐकू आला, मागे गाडीचा खडखडाट.

"चिपळूण गेलं का?" तिने विचारलं.

"आत्ताच गेलं. का गं?"

आत्मारामने हात पुढे केला. झुबेदाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय नाय," ती म्हणाली. "डबा खाल्लात का?"

फोन ठेवल्यावर ती आत्मारामला एवढंच बोलली, "करार गेलाय, काका. आता सांगून तो खिडकीत बसून काय करणार? उतरणार? मग काय करणार?"

याला आठ महिने झाले. झुबेदा रोज दुपारी दोन तास माझ्यासमोर बसते, आत्माराम सांगतो ती कामं माझ्यात भरते. पुढच्या जूनमध्ये मॅडमना वर्षाची नोंद दाखवायची तिची जिद्द आहे. लवूला बोलावून तिने भिंतीला भोक पाडून घेतलं, आणि ते पाडून होईपर्यंत समोर खुर्ची टाकून बसली. दोन तास झाले की माझ्यावर प्लास्टिक पडतं. बाकीचे बावीस तास मी आणि ती पाल.

नासिरला यातलं काही ठाऊक नाही. नोंदी वहीत होतात, असं ती सांगते. परवा फोनवर त्याने विचारलं, "तो डबा भंगारात दिला का?"

"असू दे. जागा काय खात नाय," ती म्हणाली.

"चूक माझीच. मला वस्तू पारखता येत नाही. हाताला यशच नाही," तो म्हणाला, आणि तिने विषय बदलला. आत्माराम दर आठवड्याला विचारतो, "सांगितलात?" ती म्हणते, "पुढल्या वेळी."

मला हे पटत नाही. ती मायेने करते, कबूल. पण तिच्या मायेपोटी दोह्यात एक माणूस रोज सकाळी स्वतःला नालायक समजून कामावर जातो, त्याचं काय? मला निर्दोष सोडा अशी माझी मागणी नाही. मला डबा म्हणा, भंगार म्हणा, माझं काही जात नाही. पण तुमच्यापैकी कुणी दोह्याला जाणार असेल, तर औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपांमध्ये रत्नागिरीचा नासिर मुकादम कोण ते विचारा. त्याला बाजूला घ्या, चहा पाजा, आणि सांगा की दोष त्याच्या हातात नव्हता. एक खटका होता, एक तार होती, आणि नोंद वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

तो विश्वास ठेवणार नाही. तारखा आणि वेळा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. घेऊन जा.