चौथ्या मशीनचा भंडारा

श्रावणातल्या त्या रविवारी काशाप्पा आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून दुकानात आले आणि चौथ्या मशीनकडं बघून हसले. खटकचिंचोळीच्या बाजारात त्यांचं टायपिंगचं आणि कम्प्युटरचं दुकान. तीन मशिनी चालू, आणि चौथी उगादीच्या पाडव्यापासून पोट उघडं टाकून कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेली. तिच्यात पंखा होता, तारा होत्या, नवाकोरा मदरबोर्ड होता. नव्हता तो फक्त प्रोसेसर.

झालं होतं असं. हैदराबादला सुट्या भागांच्या दुकानात कामाला असलेल्या बसवंतप्पानं सांगितलं, की प्रोसेसर ज्यात बसतो त्या जुन्या सॉकेटचे बोर्ड संपत आले, घ्यायचा तर नव्याचा घ्या. काशाप्पांनी घेतला. घरी आणल्यावर कळलं, की नव्या सॉकेटात बसणारे मोठे, महागडे प्रोसेसर तेवढे बाजारात आलेत. स्वस्तातला अजून कंपनीनं काढलेलाच नाही. जुन्या मशीनमधला काढून घालावा, तर तो ह्यात बसत नाही. पुढच्या महिन्यात येतोय, असं बसवंतप्पा फोनवर म्हणाला, आणि दर महिन्याला तेच म्हणत राहिला. तोवर मोठाच घेऊन टाका, असंही त्यानं सुचवून बघितलं.

"पोरींना टायपिंग शिकवायचंय रे," काशाप्पा म्हणाले. "त्याला हत्ती कामून बांधू दारात?"

बाजाराला विषय मिळाला. समोर चहाचं हॉटेल चालवणारी गंगव्वा रोज सकाळी कप ठेवता ठेवता विचारायची, "अण्णा, नवरदेव आला का?" आणि काशाप्पा गंभीर तोंडानं सांगायचे, की नवरदेव निघालाय, पर वरात हैदराबादच्या वेशीतच नाचायलीय.

ह्या वाट बघण्याच्या पोटात दुसरंही एक वाट बघणं होतं. चौथी मशीन तेजश्रीसाठी होती. त्यांची ही एकुलती लेक एम. ए. होऊन गुलबर्ग्याहून परत आली होती आणि तिथल्या एका कॉलेजानं तिला शिकवायला बोलावलंही होतं. बोर्ड घरात आला त्या दिवशी काशाप्पांनी तो तिच्यापुढं ठेवून विचारलं, की हिच्यावर तू बसशील का, पोरींचा वर्ग तू घेशील का. तेजश्री म्हणाली, आधी प्रोसेसर तर येऊ द्या, मग सांगते. उत्तर तिला त्या क्षणीच माहीत होतं. पण संध्याकाळी शटर ओढताना बापानं विचारावं आणि आपण पुढं ढकलावं, ह्यात एक गोडी होती. ती लवकर संपवावी असं तिला वाटेना. प्रोसेसर काय, पुढच्या महिन्यात येतच होता.

तर त्या रविवारी काशाप्पांच्या मनानं वेगळंच घेतलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. कळपात नवं मेंढरू आलं की त्याच्यावर मैलारच्या खंडोबाचा भंडारा उधळायचा, त्याशिवाय ते आपलं होत नाही, ही घरची रीत. मेंढरं गेली, रीत राहिली. सायकल, गॅसची शेगडी, बायकोचं, रेणुकाबाईंचं शिलाई मशीन, सगळ्यांनी ती पिवळी मूठ खाल्ली होती.

"परक्यासारखी बसलीय बिचारी," काशाप्पा म्हणाले, आणि तेजश्री "थांबा" म्हणेपर्यंत मूठभर भंडारा मशीनच्या उघड्या पोटात उधळून मोकळे झाले.

तेजश्रीनं कपाळाला हात लावला. त्या सॉकेटात केसासारख्या बारीक सुया असतात, शेकड्यानं. त्यातल्या एकीत जरी कचरा अडकला तरी मशीन उठायची नाही. सुयांवर काळी प्लास्टिकची टोपी होती खरी. पण प्रोसेसर हातात आल्याशिवाय ती काढायची नाही, अशी बसवंतप्पाची ताकीद होती. म्हणजे हळद खाली उतरली की नाही, हे कळायला मार्गच नाही.

"टोपी हाय की डोक्यावर," काशाप्पा म्हणाले. "काय होत न्हाई."

दुपारभर ती रंगाच्या ब्रशानं बोर्ड झाडत बसली आणि काशाप्पा स्टुलावर बसून, तिकडं राहिलं, हिकडं राहिलं, असं दाखवत हसत राहिले. डबा घेऊन आलेल्या रेणुकाबाई म्हणाल्या, की ह्या घरात बाप हळद लावतो आणि लेक पुसते, असलं लगीन कुठं बघितलं नव्हतं. संध्याकाळी शटर ओढताना काशाप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तेजश्रीनं नेहमीचंच उत्तर दिलं.

"व्हय माय," ते म्हणाले. "येऊ दे."

सोमवारी सकाळी काशाप्पा उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

पुढं काही दिवसांनी रेणुकाबाईंनीच शटर वर केलं. पोरी येऊन परत जायल्यात, म्हणाल्या. तेजश्री तीन मशिनींवर वर्ग घेऊ लागली. गंगव्वा चहा आणून ठेवायची, पण तो प्रश्न मात्र तिनं सोडला, आणि तेजश्रीला चहा त्यानंच बेचव लागायचा. कॉलेजवाले दिवाळीपर्यंत थांबणार होते. रेणुकाबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, की चौथी उठली तर बघू, न्हाई उठली तर दुकान मोडायचं आणि तू गुलबर्ग्याला जायचंस. मेलेल्या मशीनपाशी तुला बसवणार न्हाई.

दसरा झाला आणि एक दिवस बसवंतप्पा स्वतःच बसमधून उतरला. काखेत लहानसा खोका. हात पुसत गंगव्वा रस्ता ओलांडून आली, सवयीनं "आला का?" म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

तेजश्रीला हसू आलं. श्रावणानंतर पहिल्यांदा. "आला, गंगव्वा," ती म्हणाली. "बस, लगीन बघून जा."

तिनं टोपी उचलली. टोपीच्या कडेला पिवळी रेघ होती. रेणुकाबाईंसकट सगळे वाकले. खाली सुया लखलखीत, एका रांगेत उभ्या. बसवंतप्पानं खोका उघडून पुढं केला. तेजश्रीनं प्रोसेसर हळूच ठेवला, दांडी दाबली. दांडी अशी करकरली की रेणुकाबाईंनी डोळे मिटले. मग त्याचा पंखा बसवला, तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

एक क्षण काहीच नाही. मग मागच्या बाजूचा जुना पंखा घरघरला, आणि त्याच्या पात्यांमागं दडून राहिलेला, तिच्या ब्रशाला न सापडलेला काशाप्पांचा भंडारा भस्सकन उडाला. बसवंतप्पाचा पांढरा शर्ट, गंगव्वाचं नाक, रेणुकाबाईंचं रिकामं कपाळ, सगळं पिवळं. आधी गंगव्वा शिंकली, मग हसली, मग सगळेच हसत सुटले. रेणुकाबाईंनी कपाळाला बोट लावून ते बघितलं, पुसलं नाही. हळूच म्हणाल्या, "येळकोट."

पडद्यावर उजेड आला. तेजश्रीनं काशाप्पांचं स्टूल ओढून घेतलं, चौथ्या मशीनपुढं मांडलं आणि त्याच्यावर बसली. पापण्यांवर हळद तशीच होती.

"अप्पा," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मी बसते. हितंच बसते."