दुसऱ्याच्या नावाने गेलेली भाकरी

मित्रांनो, मी एक जुनी हार्प आहे. आता वाकलेला दांडा आणि भेगाळलेले पोट एवढीच उरले आहे; तारा केव्हाच झडल्या. नाईलच्या काठावरच्या एका सुताराने मला उंबराच्या लाकडातून कोरले, पोटावर बकरीचे कातडे ताणले आणि आतड्याच्या तारा चढवल्या. पहिला हात लागला तो सेन्नूचा. तो आंधळा होता. मृतांच्या जेवणावळीत गाणे हा त्याचा धंदा.

दरवर्षी सणाला सारे गाव नदी ओलांडून पश्चिमेच्या डोंगरात जाई. आपापल्या थडग्यापुढे भाकरी, कांदे आणि जवाची बिअर मांडी. गाण्यात ज्याचे नाव घेतले जाई, त्याला ते अन्न पोहोचे. मग जिवंत माणसे जेवत. सेन्नूचे एक गाणे लोकांना फार आवडे. पलीकडे गेलेल्याने अजून निरोप धाडलेला नाही, तेव्हा आज गळ्यात फुले घाला आणि पेला भरा, असे ते गाणे. श्रीमंत लोक हसत, डोळे पुसत, पुन्हा म्हणायला लावत आणि माझ्या दांड्याला सुगंधी तेल चोळत.

तुईला मात्र ते चालत नसे. तिचा नवरा खावी दुसऱ्यांच्या थडग्यांत चित्रे रंगवी. त्याच्या वाट्याला डोंगरात नुसता खड्डा आला. त्यावर ना चित्र, ना नाव. मूलबाळ नव्हते. वर्षातून एकदा सेन्नूच्या तोंडून त्याचे नाव निघे, तेवढेच.

“भावजी, ते पेल्याचं नको. तो ऐकतोय.”

“जिवंतपणी माझं गाणं सुरू झालं की उठून जायचा, वहिनी. आता बिचाऱ्याला जाताही येत नाही.”

ती हसे. मग तो खावीचे नाव घेई आणि तिचा जीव भांड्यात पडे.

एका वर्षी नदीला पूर आला नाही. शेते कोरडी राहिली. तुईने स्वतःच्या तोंडचे काढून एक भाकरी भाजली. सेन्नू सकाळपासून कोठारांचा अधिकारी पेनहुत याच्या थडग्यापुढे गात होता. तुईने त्याला हाताला धरून खड्ड्यापाशी आणले. त्याने मला छेडले आणि जिभेला सवय झालेले नाव त्याच्या तोंडून गेले. “ही भाकरी पेनहुतला.”



“कुणाचं नाव घेतलंत, भावजी?”

सेन्नूचा हात तारांवरच राहिला. “थांबा, पुन्हा म्हणतो.”

“आता काय पोहोचवणार, दगड? ज्याच्या कोठारात मावत नाही, त्याच्याच ताटात गेली.”

“वहिनी, पलीकडचं कुणी पाहिलंय? मीच तर गातो तसं.”

“तुम्ही गाता, मी रांधते. यंदा ह्यांनी काय खायचं, तेवढं सांगा.”

तिने त्या भाकरीचा तुकडाही मोडला नाही. ती परक्याची झाली होती.

काही दिवसांनी सेन्नू आपल्या वाट्याची भाकरी घेऊन, दगड चाचपत, एकटाच तिथे आला. खावीचे नाव त्याने सावकाश, स्पष्ट घेतले. परतताना तो तुईच्या दारात गेला. ती उपासमारीने गेली आणि आदल्या दिवशीच तिला खावीच्या खड्ड्यात ठेवले, असे शेजाऱ्यांनी सांगितले. म्हणजे तो गात होता तेव्हा तीही तिथेच होती, आणि त्याने तिचे नाव घेतले नव्हते.

पेल्याचे गाणे त्याने पुन्हा म्हटले नाही. श्रीमंतांची बोलावणी थांबली, माझे तेलही थांबले. तो दरवर्षी दोन नावे गाई. पुढे तो गेला आणि मला त्याच्या शेजारी निजवले. त्याचे नाव गाणारे कुणी उरले नाही.

मित्रांनो, मला तेल नको, नव्या तारा नकोत. तुमच्या घरी कुणाच्या नावाने पान वाढाल तेव्हा घाई करू नका. ज्याचे पान, त्याचेच नाव घ्या, आणि कुणी राहिले का ते एकदा आठवा. चुकलेले नाव मागाहून दुरुस्त करता येते. पण तोवर कुणीतरी पानावरून उपाशी उठलेले असते.