बारा मीटर साखळी

मी नांगर. शेतातला नव्हे, बोटीचा. शेतातला तो माझा नावबंधू. तो माती उकरत पुढे जातो, मी तळाशी रुतून जागचा हलत नाही. निदान हलू नये, अशी लोकांची अपेक्षा असते.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पोलाद कापलं, जोडलं आणि वितळलेल्या जस्तात मला बुचकळून काढलं. मग दोन वर्षं दुकानाच्या काचेमागे लाइफ जॅकेटांच्या शेजारी काढली. गिऱ्हाईक यायचं, मला उचलून बघायचं, "बापरे!" म्हणायचं आणि चार हात दोरी घेऊन जायचं.

शेवटी एक जोडपं आलं. ते दातांचे डॉक्टर, त्या गणिताच्या शिक्षिका. दोघंही नुकतीच निवृत्त झालेली. त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली होती. डॉक्टरांचा स्वभाव धंद्यानंच घडवलेला. समोरच्याच्या तोंडात कायम यंत्र, त्यामुळे चाळीस वर्षांत त्यांना कुणी उलट बोललं नव्हतं. बाई सोडून.

दोघांना नाद एकच. डोंगरांच्या कुशीतल्या शांत, देखण्या खाड्या शोधायच्या, तिथे मला पाण्यात सोडायचं आणि दिवसभर लोळत पडायचं. बाई आधी तळ बघायच्या. चिखल किंवा वाळू असली तर मी घट्ट रुततो. गवत असलं तर माझं काही खरं नाही. साखळीचंही त्यांचं गणित ठरलेलं होतं: पाणी जितकं खोल, त्याच्या पाचपट साखळी. डॉक्टर फक्त देखावा बघायचे. पाहुण्यांना सांगायचे, "नांगर म्हणजे काय हो? वजन! टाकलं की झालं."

वजन! मला! मी तो शब्द मनात ठेवला.

एका सकाळी आम्ही अशाच एका खाडीत शिरलो. पाणी काचेसारखं, काठावर झाडं, मागे हिरवी टेकडी. डॉक्टर हरखूनच गेले.

"इथेच टाकू!"

"अहो, खाली गवत आहे. थोडं पुढे वाळू दिसतेय."

"पुढून टेकडी दिसत नाही."

खोली सहा मीटर. म्हणजे साखळी तीस मीटर हवी. डॉक्टरांनी बारा सोडली आणि हात झटकले. बाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की समजावं, उत्तरपत्रिकेवर लाल शाई पडली.

दोघं छोट्या होडीतून किनाऱ्यावर गेली आणि टेकडी चढली. वरती काय झालं ते बाई आजही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. डॉक्टरांनी बोटीचे फोटो काढले.

"बघ, कशी ऐटीत उभी आहे!"

बाईंनी दोन फोटो पाहिले. "पहिल्यात ते वाकडं झाड बोटीच्या डावीकडे होतं. दुसऱ्यात उजवीकडे आहे."

"मग?"

"झाडं चालत नाहीत."

खरंच, वारा फिरला होता आणि मी घसरत होतो. आता कबूल करतो, थोडा हट्ट धरला असता तर त्या गवतातही आणखी घटकाभर तग धरला असता. पण म्हटलं, वजनानं कशाला जीव काढायचा? घसरू दे! मजेत निघालो.

मग मागे कोण आहे ते दिसलं आणि माझी मजा उतरली. मागे एका म्हाताऱ्या सुतारकाकांची लाकडी बोट होती. अकरा वर्षं खपून त्यांनी ती एकट्यानं, स्वतःच्या हातांनी बांधली होती. पाण्यात उतरून तिला आठवडाही झाला नव्हता. काका पुढच्या टोकाला बसून वॉर्निश लावत होते. आमची बोट अंगावर येताना पाहून ते ब्रश उगारून ओरडले, "अहो, लांब! लांब! ओलं आहे अजून!"

बोटीवर होतं कोण ऐकायला? मी होतो. मी गवत ओरबाडलं, दगडाला नख लावलं, पण काही लागेना. शेवटी तळावर काकांच्या नांगराची साखळी आडवी दिसली. तिच्यात मी माझा टोकदार फाळ अडकवला आणि डोळे मिटले. असा हिसका बसला की माझा दांडा वाकला. बोट थांबली. दोन्ही बोटींच्या मधे हातभरच पाणी उरलं होतं.

डॉक्टर होडी वल्हवत आले तेव्हा घामानं निथळत होते. काका अजून ब्रश उगारूनच उभे होते. मला वाटलं, आता खापर माझ्यावर फुटणार.

"नांगर काही..." डॉक्टरांनी सुरुवात केली आणि थांबले. समोर काकांची ओली, नवीकोरी बोट होती. "नाही. चूक माझी. साखळी कमी सोडली. ही सांगत होती, मी ऐकलं नाही."

बाई चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मग बाईंनी ओळख करून दिली, तेव्हा काका म्हणाले, "दातांचे डॉक्टर ना तुम्ही? मग ओढून काढायची सवय असेल. आधी हा गुंता काढा."

डॉक्टरांनी पाण्यात चार बुड्या मारून तो काढला. दुपारी तिघांनी मिळून वॉर्निशचा दुसरा हात दिला.

माझा दांडा अजून वाकडाच आहे. डॉक्टरांनी नवा नांगर घ्यायची गोष्ट काढली होती, बाई म्हणाल्या, "वाकला, पण सोडलं नाही. राहू दे." साखळी आता त्याच सोडतात. आत्ता मी एका खाडीत मऊ चिखलात पडलोय आणि वरती दोघं चहा पिताहेत.

तुम्हालाही असा नाद असेल, तर एक विनंती. आम्हा नांगरांविषयी काय बोलायचं ते जरा जपून बोला. साखळीतून खाली सगळं ऐकू येतं.