पासिंगचे चार टायर

"सरिता, नातवाले शाळेच्या व्हॅनमधी बसवू का वं?" शेजारच्या शकुंतलाबाईंनी दुपारी विचारलं. "तुह्या घरी टायरचं दुकान, तुले समजते."

सरिताने छातीठोकपणे सांगितलं, "बिनघोर बसवा, काकू. आजच आरटीओत पासिंग झाली तिची. फिटनेसच्या कागदावर पुढच्या वर्षीची तारीख हाये. मी खुद वाचली."

संध्याकाळी ती नवऱ्याला चहा द्यायला हायवेवरच्या दुकानात गेली. तीच व्हॅन जॅकवर चढलेली. मंगेश तिचे चारही कोरे टायर काढत होता आणि जुने चढवत होता. जुने इतके झिजलेले, की एकातून तार बाहेर आली होती. व्हॅनचा ड्रायव्हर प्रितम बाजूला बसून मोबाइल चाळत होता.

"हे काहून काढून राहिले?"

"पासिंग झाली ना. हे परवा दुसऱ्या गाडीले लागतात."

तेव्हा तिला कळलं, दुकानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेले चार कोरे टायर कधीच का विकले जात नाहीत. साकोलीतल्या कुठल्या पोराने दिल्या नसतील एवढ्या परीक्षा त्यांनी दिल्या होत्या. हत्तीचे दाखवायचे दात निदान हत्तीचेच असतात. हे तर मागून आणलेले!

"अन् लेकरं या टायरवर जातीन?"

"कागद खरा हाये, शिक्का खरा हाये. मंग? काही होत नाही."

"काही होत नाही ना? तं सोमवारपासून आपली रुचिता बी याच गाडीत जाईन."

"तिले कायले?" मंगेश झटक्यात म्हणाला. "तिले मी सोडतो ना."

वर्षभर तो लेकीला मोटारसायकलवर शाळेत सोडत होता. बापाची माया म्हणून सरिताने दहा जणींना कौतुकाने सांगितलं होतं. माया होतीच, म्हणून तर तिला शिसारी आली. त्याच्या काळ्या हातांची आली, आणि दुपारी छाती ठोकणाऱ्या स्वतःचीही.

तिने चहा तिथेच मातीत ओतला आणि थेट शकुंतलाबाईंचं घर गाठलं. नातू नवं दप्तर पाठीला लावून अंगणात मिरवत होता.

"काकू, मी चुकीचं सांगितलं. रुचिताचे बाबा तिले त्या गाडीत बसू देत नाही. तुमी बी बसवू नका."

शकुंतलाबाई काही विचारायच्या आत तिने पुढच्या घराची कडी वाजवली. त्या घरची दोन लेकरं त्याच व्हॅनने जात होती.